चौदा, बंद

बस वळणावर दिसायला लागली आणि त्याला धस्स झालं. गॅस बंद केला का? दूध तापवलं, कपात ओतलं, पातेलं सिंकमध्ये ठेवून त्यात पाणी सोडलं, इथवर सगळं लख्ख आठवत होतं. त्यानंतर एकदम तो जिन्यात होता आणि हातात किल्ली होती. मधला तुकडा कुणी कात्रीनं कापून नेल्यासारखा नव्हताच. बस येऊन थांबली, ड्रायव्हरनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं हातानंच ‘जा’ म्हणून खूण केली आणि तो उलटा घराकडे निघाला. आधी भरभर, मग जवळजवळ पळतच. घरात कुणी नव्हतं. बायको सकाळच्या पाळीला गेलेली, मुलगी शाळेत. चार मजले चढून धापा टाकत त्यानं दार उघडलं, आधी नाकानं वास घेतला, मग स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. बटण बंद. खालचा सिलिंडरही बंद. चांगला घट्ट बंद. आता खरं तर जिवात जीव यायला हवा होता, पण तो आला नाही. कारण बंद केला कुणी? त्यानंच, दुसरं कोण येतंय इथं! पण ज्या माणसानं तो बंद केला त्याची आणि ह्याची गाठच पडली नव्हती. तो आपला येऊन, काम करून, न भेटताच निघून गेला होता. ह्यानं बटणावर तळवा ठेवला आणि रिकाम्या घरात मोठ्यानं म्हटलं, “बंद.” मुलगी असती तर हसली असती. ती रोज विचारते, “काय बाबा, गॅसची हजेरी झाली का?” आणि तो तिच्या डोक्यावर टपली मारतो. आज त्याला हसू आलं नाही. आज अकरा वाजता त्याची भरवशाची मुलाखत होती.

कागदावर त्या खात्याचं नाव लांबलचक होतं, पण कारखान्यात सगळे त्याला भरवसा खातं म्हणत. अंतराळात जाणाऱ्या यानात इंधन भरायचं, नळ्या जोडायच्या, झडपा उघडायच्या-मिटायच्या, असली कामं करणाऱ्या माणसांना तिथं दर वर्षी एकदा चाळणीतून काढत. रक्त, डोळे, झोप, घरातली भांडणं, कुणाशी बोलचाल बंद आहे का, रस्त्यात कुणावर ओरडलात का, सगळं. चाळणीतून नीट खाली आला तर हिरवा बिल्ला वर्षभर छातीवर. अडकला तर पांढरा बिल्ला, आणि कुंपणाबाहेरच्या बैठ्या इमारतीत जुने कागद लावत बसायचं. पांढऱ्या बिल्ल्याला कुणी वाईट बोलत नसे. उलट सगळे फार गोड बोलत, आणि तेच सहन होत नसे. तो जवळ आला की हिरवे बिल्ले कामाचं बोलणं मिटवून हवापाण्यावर यायचे. नियमच होता तसा. हा गेली अठरा वर्षं हिरवा होता. नाकासमोर चालणारा माणूस. हाताखालून गेलेल्या झडपा मोजायला घेतल्या तर त्यालाच हसू येईल एवढ्या. लोक त्याला कुलूप म्हणत, आणि त्याच्या जोडीदाराला रेडिओ.

कारण एकट्यानं तिथं काहीच करायचं नसे. एकानं वाचायचं, एकानं करायचं. रेडिओ तक्त्यावरून नंबर वाचायचा, “दहा.” हा ती झडप शोधायचा, उजवीकडे फिरवत फिरवत अगदी अडेपर्यंत न्यायचा, वर तळवा टेकवायचा आणि म्हणायचा, “दहा, बंद.” रेडिओ वाकून आपल्या डोळ्यांनी पाहायचा आणि मगच तक्त्यावर खूण करायचा. शेवटी दोघांच्या सह्या. त्याच्याही आधी, रोज आत जाण्यापूर्वी, दोघांनी दारातल्या पिवळ्या रेघेवर समोरासमोर उभं राहून एकमेकांना तीन प्रश्न विचारायचे: झोप झाली? औषध काही घेतलंयस? मनात काही? आणि एकमेकांसाठी लिहायचं. म्हणजे ह्याचं मन बरं आहे असं रेडिओनं लिहायचं, आणि रेडिओचं ह्यानं. नवीन माणसांना हे लग्नाच्या बोलणीसारखं वाटायचं, ती खिदळायची. ह्या दोघांचं हसणं पहिल्याच वर्षात संपलं होतं. आता बायकोच्या डोळ्यांपेक्षा रेडिओचे डोळे त्याला जास्त पाठ होते. डाव्या डोळ्यात बारीक तपकिरी ठिपका आहे, जन्मापासून. हे रेडिओच्या बायकोला तरी ठाऊक असेल की नाही, देव जाणे.

पुढच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. बाहेर दुकानांची शटरं वर जात होती, एक माणूस दुकानापुढे बादलीनं पाणी मारत होता, आणि त्या पाण्यावरून त्याला वडील आठवले. वडील गावच्या पाणीपुरवठ्यावर होते. सकाळी मोठं चाक फिरवून पाणी सोडायचं, दुपारी चाक फिरवून बंद करायचं, एवढीच नोकरी, आणि ती त्यांनी राज्य सांभाळावं तशी सांभाळली. एकदा बंद करायचं राहिलं. कुणी मेलं नाही, काही बुडालं नाही, उतारावरच्या गल्लीतून तासभर पाणी वाहिलं आणि पोरांनी कागदाच्या होड्या सोडल्या. त्यात हाही होता. किती मजा आली होती! वडील धावत आले, चाक फिरवलं आणि मग तिथंच दगडावर बसून आपल्याच हातांकडे पाहत राहिले. “मी बंद केलं होतं रे,” ते म्हणाले. “मला पक्कं आठवतंय.” म्हातारपणी ते घरभर नळ पिळत हिंडायचे. आई चिडायची, “अहो, तुटेल तो आता!” शेवटी शेवटी आई कोण हेही त्यांना कळेना, पण नळ मात्र घट्ट. अठरा वर्षांपूर्वी भरवसा खात्याच्या पहिल्या अर्जात प्रश्न होता, घरात कुणाला विसरण्याचा आजार? त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं. आजार कसला, म्हातारपण ते, असं तेव्हा त्याला खरंच वाटलं होतं. दर वर्षी मागचा अर्ज समोर ठेवून तो तेच ‘नाही’ उतरवून काढायचा.

पण वडिलांचं राहू दे. मुख्य गोष्ट बारा दिवसांपूर्वीची. ती त्यानं कुणालाही सांगितली नव्हती, आणि तिच्याभोवती मन इतक्या वेळा फिरून आलं होतं की आता पायवाट पडली होती. त्या दिवशी इंधनाच्या खालच्या नळीवरच्या अठरा झडपा बंद करायच्या होत्या. पहिल्या तेरा बरोबर मिटल्यात की नाही ते पुढे हवेचा दाब देऊन कळतं. शेवटच्या पाचांपर्यंत ती चाचणी पोचतच नाही. तिथं फक्त हात, डोळे आणि दोन सह्या. तेरा त्याला आठवत होती, तिच्यावर रंगाचा पोपडा होता. पंधरा तर आठवतच होती, कारण ती जड गेली, डावा हात लावावा लागला. मधे चौदा. “चौदा,” रेडिओचा आवाज आठवत होता. “चौदा, बंद,” स्वतःचा आवाजही आठवत होता. तोंडाला आठवत होतं, कानाला आठवत होतं. हाताला आठवत नव्हतं. अठरा वर्षं एकच ताल बसलेला. वाचणाऱ्याचा शब्द पडायचा अवकाश, उत्तर आपोआप बाहेर. आणि हात? हात कदाचित आधीच पंधराकडे गेला असेल. रेडिओनं वाकून पाहिलं होतं का? त्याची पेन्सिल खूण करून मोकळी झालेली तेवढी दिसली होती. दुसऱ्या दिवशी त्या भागावर पत्रा बसला आणि चोवीस स्क्रू लागले.

तो त्याच वेळी बोलला असता तर कामावर देखरेख करणारे वर्क-साहेब म्हणाले असते, बरं केलंस, चला पाहू. तिसऱ्या दिवशी बोलला असता तर विचारलं असतं, दोन दिवस काय करत होतास? आता बाराव्या दिवशी काय बोलायचं? नऊ दिवसांनी चार माणसं त्या यानात बसून वर जाणार होती. त्यातली एक बाई एकदा त्यांच्या कॅन्टीनमध्ये येऊन सगळ्यांशी हात मिळवून गेली होती. तिचा हात गार होता आणि ती म्हणाली होती, “आमचं सगळं तुमच्या हातात.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यानंही. आणि गप्प बसण्याचं खरं कारण रेडिओ होता. चौदा नंबरच्या त्या सकाळी बसमध्ये रेडिओ त्याच्या शेजारी बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मुलीचं ऑपरेशन होतं, अकरा वाजता. ह्याच्या मुलीच्याच वयाची पोर, दोघी लहानपणी एकाच झोपाळ्यावर भांडलेल्या. “अरे मग घरी थांबायचंस ना!” हा म्हणाला होता. रेडिओ म्हणाला, “बायको आहे तिथं, मेव्हणी आहे. मी त्या दाराबाहेर बसलो तर वेडा होईन रे. आत निदान आकडे वाचत राहीन. तू फक्त लिहू नकोस.” पिवळ्या रेघेवर ह्यानं विचारलं, “मनात काही?” रेडिओ म्हणाला, “काही नाही.” आणि ह्यानं त्या तपकिरी ठिपक्याकडे पाहत लिहिलं, काही नाही. पोर वाचली. आता घरी आहे, सरबत पिते, आईवर खेकसते. म्हणजे ह्यानं तोंड उघडलं की एकटा तो पांढरा होणार नव्हता.

भरवसा खात्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन खुर्च्या, मधे टेबल, कागदी रुमालांचा डबा, उघडत नसलेली खिडकी. समोरची डॉक्टरीण तरुण होती, त्याच्या धाकट्या बहिणीएवढी असेल नसेल. तिनं त्याला पाणी दिलं. “प्रवास ठीक?” तिनं विचारलं. “एक बस चुकली,” तो म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. का चुकली असं तिनं विचारलं तर? तिनं विचारलं नाही. “तुमच्या मिसेसशी फोनवर बोलणं झालं,” ती म्हणाली. त्याला ते माहीत होतं. बायकोनंच परवा भांडी पुसता पुसता सांगितलं होतं, “झोप नीट लागते का विचारत होती. मी म्हटलं, ढाराढूर झोपतात.” आणि मग त्याच्याकडे न पाहता म्हणाली होती, “रोज पहाटे उठून गॅस बघता ते नाही सांगितलं हं मी.” त्याला वाटलं होतं तिला ठाऊक नाही. ती जागीच असायची तर! दोघंही अंधारात एकमेकांना झोपलेलं समजून पडलेले. तिचा त्याला राग आला, मग माया आली, आणि मग भीतीच वाटली, कारण आता तीही त्याच्याबरोबर त्या खोट्यात येऊन बसली होती.

“वर्क-साहेबांचा शेरा उत्तम आहे,” डॉक्टरीण कागद उलटत म्हणाली. “आणि तुमच्या जोडीदारानं लिहिलंय, थांबा हं, वाचते. ‘डोळे मिटून भरवसा ठेवावा असा माणूस.’” ती हसली. “अठरा वर्षांत एकही ठपका नाही. असा कागद मी पाहिलेलाच नाही. आता ठरलेले प्रश्न तेवढे घेऊ, म्हणजे तुम्ही मोकळे. गेल्या वर्षात रागाच्या भरात कुणावर हात उचललात?” “नाही.” “एकापेक्षा जास्त रात्री सलग झोप आली नाही असं झालं?” “नाही.” “घरात कुणाचं गंभीर आजारपण?” “नाही.” “जोडीदाराच्या मनःस्थितीबद्दल शंका वाटूनही ती नोंदवली नाही असं कधी?” “नाही.” तिचं पेन प्रत्येक ‘नाही’ला एक खूण करत होतं. आवाज छान होता तिचा, सपाट, न अडखळणारा. त्याला बरं वाटायला लागलं. खांदे सैल पडले. हे काही अवघड नव्हतं, हे तर त्याला येत होतं, हेच तो आयुष्यभर करत आला होता. “कामाच्या जागी, आपण केलेली एखादी कृती केल्याचं नंतर आठवत नाही, असं...” “नाही.” “पुढचा. गेल्या वर्षात नवीन औषध...” तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच आपण उत्तर दिलं हे त्याच्या लक्षात आलं. तिच्या मात्र लक्षात आलं नव्हतं. तिचे डोळे कागदावर होते. खूण पडली होती. म्हणजे असं होतं तर. अगदी असंच. ती मुलगी मन लावून, प्रामाणिकपणे काम करत होती, तोही काही लबाड नव्हता, आणि दोघांच्या मधून चौदा नंबर अलगद निसटून गेला होता.

इंधनाच्या खोलीत भिंतीवर लाल अक्षरांत एकच शब्द लिहिलेला होता: थांबा. तो शब्द कुणीही उच्चारायचा, झाडूवाल्यानंसुद्धा. उच्चारला की हातातलं काम आहे तिथं सोडायचं, का म्हणून विचारायचं नाही, रागवायचं नाही. अठरा वर्षांत तो तीनदा ऐकू आला होता. एकदा गांधीलमाशी शिरली म्हणून, एकदा कुणाला तरी जोरात शिंक आली म्हणून आणि एकदा खरोखरीच गळती होती म्हणून. ह्यानं एकदाही तो म्हटला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता.

“थांबा,” तो म्हणाला.

डॉक्टरिणीनं पेन टेबलावर ठेवलं. तिलाही ते शिकवलेलं असणार. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता. “मागचा प्रश्न परत वाचा,” तो म्हणाला. तिनं वाचला, ह्या वेळी सावकाश, शेवटपर्यंत, त्याच्याकडे पाहत. मग त्यानं सांगितलं. तेरा, रंगाचा पोपडा, पंधरा, डावा हात. मधलं काही नाही. आधी वडिलांचं सांगितलं की चौदाचं, हे त्याला नंतर आठवेना, पण दोन्ही सांगितलं. रेडिओचं तो सांगणार नव्हता. ते त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण तिनं विचारलं, “वाचणाऱ्यानं पाहिलं असेल ना?” आणि तो गप्प राहिला. “त्या दिवशी त्यांच्या मनात काही होतं का?” तो आणखी गप्प राहिला. अठरा वर्षं जो माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, त्याचं एवढं गप्प राहणं तिला पुरलं. तिनं फोन उचलला. नंबर दोनदा चुकला. बिचारी! तिचीसुद्धा ही पहिलीच वेळ असावी.

बिल्ला काढायला एक शिपाई आला, तो ओळखीचा होता. त्यानं पिन इतक्या हळूच काढली की शर्टाला टोचू नये. पांढरा लावला, तोही तसाच. “पत्रा उघडणार ना?” ह्यानं डॉक्टरिणीला विचारलं. “ते मला सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला नियम ठाऊकच आहे.” “पण पाहतील ना? बंद होती की उघडी होती, एवढं तरी मला नंतर कळेल ना?” “नाही,” ती म्हणाली. तिचा चेहरा कसनुसा झाला होता. त्याला वाटलं होतं, बोललो की सुटलो. बारा दिवस छातीवर बसलेलं धूड उठून जाईल आणि आपण निदान रडू तरी. तसलं काही झालं नाही. उलट दार बाहेरून लागलं. हिरवा होता तोवर, धीर केला असता तर तो स्वतः जाऊन चोवीस स्क्रू काढून पाहू शकला असता. आता चौदा नंबरची झडप जगात कुणालाही कळेल, त्याला सोडून.

दुपारी तो फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर आला तेव्हा रेडिओ तिथं उभा होता. छातीवर पांढरा. दोघं एकमेकांशेजारी उभे राहिले, रोज राहत तसेच, आणि रस्त्याकडे पाहत राहिले. “मला आधी सांगायचंस तरी,” रेडिओ म्हणाला. “सांगणार होतो.” “कधी? सुटलेलं यान परत आल्यावर?” ह्यानं छातीवरचा पांढरा बिल्ला चाचपला. “माझ्या पोरीचं नाव काढलंस तिथं.” “नाही काढलं. शपथ. मी गप्प बसलो.” “तू गप्प बसलास म्हणजे काय झालं ते कळतंय का तुला? तू कधी गप्प बसतोस?” रेडिओचा आवाज चढला आणि लगेच उतरला. त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. “हे बघ. मला बोलावलं होतं त्यांनी. मी सांगितलंय, चौदा मी पाहिली. वाकून, ह्या दोन डोळ्यांनी. बंद होती.”

“खरंच पाहिलीस?”

“पाहिली म्हणतोय ना.” रेडिओ रस्त्याकडेच बघत होता. “तू उद्या जा, आणि म्हण, आठवलं. घाबरलो होतो, वडिलांचं मनात आलं, पण आता आठवलं. माझा हात होता. एवढंच. दोघांचं जुळलं की झालं. महिन्याभरात हिरवे होऊ. मी काय करू रे दुसरं? त्या बैठ्या इमारतीत कागद लावत बसू? माझं तोंड कशाला आहे मग?”

ह्याला त्याची फार दया आली, आणि स्वतःची त्याहून. हा माणूस त्याला आवडत होता. घरच्यांनंतर एवढं कुणी आवडलं नव्हतं. पाहिली असेलही त्यानं. का नाही? अठरा वर्षं पाहत आलाय. “माझ्याकडे बघून सांग,” तो म्हणाला. रेडिओ वळला. पिवळ्या रेघेवर उभे राहत तेवढ्याच अंतरावर दोघं समोरासमोर आले. डाव्या डोळ्यातला ठिपका होता तिथंच होता. डोळे लाल होते, ओले होते, आणि त्यांत चौदा नंबरची झडप कुठंही नव्हती. तिथं नुसती एक पोर हिरव्या चादरीखाली झोपलेली होती आणि दार बंद होत होतं. ह्याला ते दिसलं. आणि ह्याला ते दिसलंय हे रेडिओलाही दिसलं.

लांबून बस येत होती. रेडिओनं घसा साफ केला. मग त्यानं, विनवणी करावी तसं नाही, तक्ता हातात धरल्यासारखं, सपाट, स्वच्छ आवाजात म्हटलं, “चौदा.”

ह्याचे ओठ आपोआप उघडले. शब्द जिभेवर येऊन उभासुद्धा राहिला. त्यानं उजव्या हाताचा तळवा उचलला आणि झडपेवर टेकवत असे तसा आपल्याच तोंडावर गच्च दाबून धरला. बस आली, तिचं दार उघडलं, ड्रायव्हरनं दोघांकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि दार मिटून ती निघून गेली. हात काढायची त्याची हिंमत होत नव्हती.

“चौदा,” रेडिओनं पुन्हा वाचलं.